घड्याळ मागे पडतंय? आधी मोजणी तपासा, मग क्रिस्टल

डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टांमध्ये डिजिटल घड्याळ दरवर्षी असतंच. ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, घ्यायचा, १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावायचा, टायमरने सेकंद मोजायचे आणि सेव्हन-सेगमेंट डिस्प्लेवर दाखवायचे. घड्याळ सुरू होतं, दिसतंही छान. पण दुसऱ्या दिवशी बघावं तर पंधरा-वीस सेकंद मागे. मग क्रिस्टल हलका निघाला असं ठरतं. पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवा क्रिस्टल येतो, जुन्याच्या जागी बसतो, आणि घड्याळ पुन्हा जवळजवळ तेवढंच मागे पडतं.

इथे थांबून विचार करायला हवा. दोन वेगळे क्रिस्टल एकाच दिशेने, एवढी मोठी आणि एकसारखी चूक सहसा करत नाहीत. म्हणजे चूक बहुधा दुसरीकडेच आहे.

मायक्रोकंट्रोलर वेळ कशी ठेवतो, यात दोन कामं गुंतलेली असतात. एक, ठराविक अंतराने ठोके देणं. ते क्रिस्टल आणि त्याभोवतीचं ऑसिलेटर सर्किट करतं. दुसरं, ते ठोके एकही न गाळता मोजणं. ते टायमर आणि आपला प्रोग्राम मिळून करतात. ठोका खोटा असेल तर मोजणी कितीही चोख असली तरी वेळ चुकते, आणि मोजणी गळकी असेल तर महागातला क्रिस्टल लावूनही काही उपयोग नाही. माझा आग्रह असा की आधी मोजणी बघावी. ती दुरुस्त करायला एक पैसाही लागत नाही.

पुढे जाण्याआधी एक माप डोक्यात पक्कं बसवून घेऊ. घड्याळाची चूक पीपीएममध्ये सांगतात. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणून १ पीपीएम चूक म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद. उलटं सांगायचं तर दिवसाला एक सेकंदाची चूक म्हणजे साधारण ११.६ पीपीएम. नेहमीचा क्रिस्टल २० ते ५० पीपीएमचा असतो, म्हणजे दिवसाला फार तर दोन ते चार सेकंद. आपलं घड्याळ सतरा सेकंद मागे पडत असेल तर ती चूक २०० पीपीएमची झाली. धड क्रिस्टल एवढा चुकत नाही.

मग ही चूक येते कुठून?

८०५१ मध्ये एका मशीन सायकलला क्रिस्टलचे १२ ठोके लागतात. क्रिस्टल १२ मेगाहर्ट्झचा असला की मशीन सायकल बरोबर एक मायक्रोसेकंदाची होते, आणि टायमर दर मायक्रोसेकंदाला एकाने पुढे जातो. टायमर १६ बिटांचा, म्हणजे ० ते ६५,५३५ मोजतो आणि पुढच्या ठोक्याला पुन्हा शून्यावर येतो. हा ओव्हरफ्लो झाला की इंटरप्ट येतो, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम बाजूला ठेवून ठरलेला तुकडा चालवायला लावणारी हाक. आपल्याला ५० मिलिसेकंद हवे असतात, म्हणून ६५,५३६ मधून ५०,००० वजा करून १५,५३६ हा आकडा टायमरमध्ये भरतात. हेक्समध्ये, म्हणजे सोळावर आधारलेल्या अंकपद्धतीत, तो ३सी-बी०. कॉलेजात ८०५१ शिकलेल्या प्रत्येकाने हा आकडा वहीत लिहिलेला असतो. असे २० इंटरप्ट झाले की एक सेकंद.

गडबड भरण्यात आहे. ओव्हरफ्लो झाल्यावर टायमर थांबत नाही, शून्यापासून पुढे मोजत राहतो. दरम्यान प्रोसेसर हातातली इन्स्ट्रक्शन संपवतो, इंटरप्टच्या पत्त्यावर उडी मारतो, रजिस्टरमधले चालू आकडे स्टॅकवर, म्हणजे मेमरीत बाजूला, ठेवतो, आणि मग कुठे आपली ओळ येते: टायमरमध्ये १५,५३६ भर. तोवर टायमर धरा दहापर्यंत पोचलेला असतो. ते दहा ठोके आपण १५,५३६ लिहून पुसून टाकतो. गज लावून कापड मोजताना दर गजानंतर बोटभर कापड न मोजताच पुढे सरकावं, तसं हे आहे. एका गजाला ते जाणवत नाही, अख्ख्या ताग्याला जाणवतं. ५० मिलिसेकंदांमागे १० मायक्रोसेकंद म्हणजे २०० पीपीएम, आणि दिवसाला १७ सेकंद.

चूक प्रोग्रामची की क्रिस्टलची, हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. इंटरप्ट ५० ऐवजी २५ मिलिसेकंदांनी घ्या आणि सेकंदाला २० ऐवजी ४० मोजा. क्रिस्टल खोटा असेल तर घड्याळ आधीइतकंच चुकेल, कारण क्रिस्टलला आपल्या इंटरप्टशी काही देणंघेणं नाही. ठोके प्रोग्राममध्ये गळत असतील तर गळती दुप्पट होईल आणि घड्याळ दिवसाला चौतीस-पस्तीस सेकंद मागे पडेल. कसलंही उपकरण न लागता एका दिवसात दोष कुणाचा ते ठरतं.

यावर उपाय म्हणजे भरायचं काम प्रोग्रामकडून काढून हार्डवेअरकडे द्यायचं. ८०५१ च्या मोड २ मध्ये टायमर ८ बिटांचा होतो, पण ओव्हरफ्लो झाल्याक्षणी हार्डवेअर स्वतःच ठरलेला आकडा पुन्हा भरतं. ६ भरला की २५० मायक्रोसेकंदांचा टप्पा मिळतो, आणि असे ४,००० टप्पे म्हणजे सेकंद. ८०५१ घराण्यातली एटी८९एस५२ चिप असेल तर त्यातल्या टायमर-२ मध्ये १६ बिटांची ऑटो-रीलोडची सोय आहे, तीच वापरावी. आता इंटरप्टला प्रोसेसर पाच-दहा मायक्रोसेकंद उशिरा पोचला तरी बिघडत नाही. टायमर आपला पुढे मोजतोय, त्याला कुणी हात लावलेला नाही.

उशीर होणं आणि ठोका गळणं यांतला हा फरक टायमर नीट वापरण्याचं मर्म आहे. उशीर झाला तर ती एक घटना जरा मागेपुढे होते, पुढची पुन्हा वेळेवर येते. ठोका गळला की तो कायमचा गेला, आणि प्रत्येक गळती आधीच्या गळतीत भर घालते.

एव्हीआर या मायक्रोकंट्रोलरच्या दुसऱ्या घराण्यात, म्हणजे अर्डुइनो उनो या बोर्डावरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये, याच कामासाठी सीटीसी मोड आहे. १६ मेगाहर्ट्झला प्रीस्केलरने २५६ ने भागलं की ६२,५०० हर्ट्झ मिळतात. टायमर-१ ला सांगायचं की अमुक आकड्याला पोचलास की शून्यावर ये. तो आकडा ६२,५०० नव्हे, ६२,४९९ हवा, कारण शून्य हाही एक ठोका आहे. हा एकाचा फरक किरकोळ वाटतो, पण ६२,५०० ठोक्यांत एक जास्त म्हणजे १६ पीपीएम. घड्याळ दिवसाला १.४ सेकंद आणि महिन्याला चाळीसेक सेकंद मागे जाईल. ही चूक क्रिस्टलच्या स्वाभाविक चुकीएवढीच दिसते, त्यामुळे वर्षानुवर्षं क्रिस्टलच्या नावावर खपून जाते.

आणि डिले, म्हणजे प्रोग्रामला ठराविक वेळ नुसतं थांबवून ठेवणं? नवशिका प्रत्येक जण इथूनच सुरुवात करतो: एक सेकंद थांब, आकडा वाढव, डिस्प्लेवर लिही, पुन्हा थांब. थांबायचा सेकंद बरोबर असतो, पण लिहायला लागलेला वेळ त्यात धरलेला नसतो. डिस्प्लेवर लिहायला २ मिलिसेकंद लागले तरी २,००० पीपीएम होतात, म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन मिनिटं. सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगणारं अर्डुइनोचं मिलिस फंक्शन वापरूनही हीच चूक करता येते. सेकंद भरला की ‘मागची वेळ = आत्ताची वेळ’ असं लिहिलं तर झालेला उशीर दरवेळी हिशेबात मुरतो. ‘मागची वेळ = मागची वेळ + १०००’ असं लिहिलं तर मुरत नाही. फरक एका ओळीचा आहे, पण पहिल्या पद्धतीने लिहिलेलं घड्याळ कधीच वेळ धरत नाही.

रंगीत एलईडी पट्टीचं घड्याळ करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डब्ल्यूएस२८१२ जातीच्या एका एलईडीला रंग पाठवायला ३० मायक्रोसेकंद लागतात, आणि उनोसारख्या बोर्डावर तेवढा वेळ लायब्ररी इंटरप्ट बंद ठेवते. शंभर एलईडी म्हणजे ३ मिलिसेकंद. उनोवर मिलिसचा इंटरप्ट दर १.०२४ मिलिसेकंदाला येतो. बंद दाराबाहेर एकच इंटरप्ट थांबू शकतो. मागून आलेले हरवतात. त्यामुळे पट्टी जितक्या वेळा ताजी कराल तितकं मिलिस मागे राहतं. त्याऐवजी टायमर-१ चा एका सेकंदाचा इंटरप्ट घेतला तर ३ मिलिसेकंद त्याला थांबायला लागलं तरी हरवत काही नाही.

मोजणी अशी चोख झाली की मगच ठोक्याकडे वळायचं.

ठोका देणारे तीन प्रकार नेहमी भेटतात. पहिला चिपमधलाच, रेझिस्टर आणि कपॅसिटरवर चालणारा आरसी ऑसिलेटर. तो फुकट मिळतो, पण एटीमेगा३२८पीमधला ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर कारखान्यातून येतो तेव्हा १० टक्क्यांपर्यंत चुकीचा असू शकतो. हाताने कॅलिब्रेट केला तरी १ टक्क्याच्या आसपास, म्हणजे दिवसाला चौदा मिनिटं. एलईडी लुकलुकवायला चालेल, घड्याळाला नाही. दुसरा सिरॅमिक रेझोनेटर. उनो आर-३ वर मुख्य चिपला हाच आहे. त्या बोर्डावर चकचकीत धातूच्या डबीत दिसतो तो क्रिस्टल यूएसबीच्या चिपसाठी आहे. मुख्य चिपजवळचा छोटा तुकडा रेझोनेटर. त्याची हमी अर्ध्या टक्क्याची असते, म्हणजे वाईटात वाईट दिवसाला सात मिनिटं. प्रत्यक्षात बहुतेक नग त्याहून बरे निघतात, पण उनोवर बिनचूक घड्याळ होईल ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे. तिसरा क्वार्ट्झ क्रिस्टल.

क्वार्ट्झवर दाब दिला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलटही खरं आहे: व्होल्टेज दिलं की स्फटिक किंचित आकार बदलतो. स्फटिकाचा तुकडा त्याच्या मापानुसार एका ठराविक वेगाने कंप पावतो, आणि त्या कंपनात ऊर्जा फारच थोडी वाया जाते, म्हणून तो आपली लय सहज सोडत नाही. १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलमधली चकती जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीची असते. ती घासून जितकी पातळ करावी तितकी वारंवारता वाढते. वॉरन मॅरिसन यांनी १९२७ मध्ये बेल लॅब्जमध्ये पहिलं क्वार्ट्झ घड्याळ चालवलं. मनगटावर ते आलं २५ डिसेंबर १९६९ रोजी, टोकियोत, सेइको अ‍ॅस्ट्रॉनच्या रूपात. महिन्याला पाच सेकंदांच्या आत राहण्याची त्याची हमी होती.

क्रिस्टलवर छापलेली वारंवारता मात्र आपोआप मिळत नाही. तो अमुक इतक्या कपॅसिटन्ससोबत त्या वारंवारतेला चालेल असं डेटाशीटमध्ये दिलेलं असतं. त्याला लोड कपॅसिटन्स म्हणतात. समजा तो १८ पिकोफॅरड आहे (पिकोफॅरड हे कपॅसिटन्सचं एकक). दोन पायांवरचे दोन कपॅसिटर क्रिस्टलच्या दृष्टीने एकापुढे एक येतात, म्हणून त्यांची किंमत निम्मी धरायची, आणि त्यात बोर्डाच्या ट्रॅकची नि चिपच्या पायांची साधारण ५ पिकोफॅरड मिळवायची. हिशेब २६ पिकोफॅरड येतो. बाजारात २७ मिळतो, तो लावायचा. लोक सवयीने २२ किंवा ३३ लावतात आणि सर्किट चालतंही. पण मेगाहर्ट्झवाल्या क्रिस्टलमध्ये लोड १ पिकोफॅरडने चुकला तर वारंवारता साधारण १० ते २० पीपीएमने सरकते. कपॅसिटर कमी पडला तर घड्याळ पुढे, जास्त झाला तर मागे. ब्रेडबोर्डाच्या शेजारशेजारच्या पट्ट्या स्वतःच काही पिकोफॅरडचा कपॅसिटर असतात, त्यामुळे तिथे जुळवलेलं घड्याळ पीसीबीवर गेलं की वेगळं वागतं. ऑसिलोस्कोपचा प्रोब थेट क्रिस्टलच्या पायाला लावू नये तेही याचसाठी. प्रोबची स्वतःची १० पिकोफॅरडहून अधिक भर पडते, आणि आपण जे मोजतो ते प्रोब लावल्यामुळे बदललेलं असतं. टायमरला एखादा आउटपुट पाय स्वतःहून वर-खाली करायला सांगावं आणि तिथे मोजावं.

घड्याळातला चिमुकला नळकांड्यासारखा क्रिस्टल ३२,७६८ हर्ट्झचा असतो. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात. १५ वेळा निम्मा केला की बरोबर एक हर्ट्झ उरतो. एटीमेगाच्या टायमर-२ ला हा क्रिस्टल थेट जोडता येतो. प्रीस्केलर १२८ ठेवला की ८ बिटांचा टायमर बरोबर सेकंदाला एकदा ओव्हरफ्लो होतो. काहीही भरायला नको, आणि मधल्या वेळात प्रोसेसर झोपू शकतो. फक्त या सर्किटमधला करंट इतका सूक्ष्म असतो की सोल्डर केल्यावर पायांमध्ये राहिलेला फ्लक्स आणि पावसाळ्यातली दमट हवा मिळून क्रिस्टल बंदही पाडू शकतात. कोकणात बसवायचं यंत्र असेल तर हा भाग नीट धुऊन, वाळवून त्यावर वॉर्निशसारखा लेप द्यावा.

या क्रिस्टलला गरमी आणि थंडी दोन्ही मानवत नाहीत. २५ अंशांना तो सर्वांत वेगात असतो. तापमान कुठल्याही बाजूला सरकलं की मंदावतो, आणि मंदावणं फरकाच्या वर्गाने वाढतं, दर वर्ग-अंशाला साधारण ०.०३४ पीपीएम. ४५ अंशांना, म्हणजे २० अंश फरकाला, १३.६ पीपीएम होतात, दिवसाला सव्वा सेकंदाच्या आत. पण चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत ६० अंश झाले तर ४१ पीपीएमच्या वर जातं, म्हणजे तेवढा वेळ दिवसाला साडेतीन सेकंदांच्या दराने घड्याळ मागे. थंडीतही ते पुढे जाऊन भरपाई करत नाही. तेव्हाही मागेच पडतं.

आकडा निवडतानाची एक ओढाताण ८०५१ वाल्यांना चांगली ठाऊक आहे. १२ मेगाहर्ट्झने सेकंद बरोबर पडतो, पण सीरियल पोर्टवर ९,६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९,६०० बिटांचा वेग, नेहमीच्या मांडणीत जमत नाही. वेग सुमारे १०,४१७ येतो, साडेआठ टक्के चूक, आणि पलीकडे कचरा अक्षरं उमटतात. ११.०५९२ मेगाहर्ट्झने ९,६०० तंतोतंत येतो, पण मिलिसेकंदाला ९२१.६ ठोके होतात आणि अपूर्णांक टायमरमध्ये भरता येत नाही.

अपूर्णांकाला उत्तर आहे आणि ते अतिशय सुंदर आहे. टायमरला मोकळा फिरू द्यायचा, काहीच भरायचं नाही. प्रत्येक ओव्हरफ्लोला ६५,५३६ ठोके एका मोठ्या बेरजेत टाकायचे. बेरीज एका सेकंदाच्या ठोक्यांएवढी किंवा त्याहून जास्त झाली की सेकंद पुढे करायचा आणि बेरजेतून तेवढे ठोके वजा करायचे. शून्य करायचं नाही, वजाच करायचे. उरलेली बाकी पुढच्या सेकंदात जाते. ११.०५९२ मेगाहर्ट्झच्या ८०५१ ला तो आकडा ९,२१,६०० आहे. एखादा सेकंद किंचित लवकर-उशिरा पडतो, पण हिशेबातून एक ठोकाही सुटत नाही. अर्डुइनोचं मिलिसही आतून हेच करतं: दर १.०२४ मिलिसेकंदातले जादाचे ०.०२४ साठवत जातं आणि साठा पुरला की एकदम दोनाने पुढे जातं.

याच युक्तीने क्रिस्टलची चूकही खोडता येते, कारण वजा करायचा आकडा छापील वारंवारतेचाच हवा असं नाही, मोजलेला चालतो. मोजायला महागडं यंत्रही लागत नाही. नवी दिल्लीतली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, एनपीएल, अणुघड्याळांवरून भारतीय प्रमाणवेळ सांभाळते. इंटरनेटवरून त्या वेळेशी जुळवलेलं घड्याळ आणि आपलं घड्याळ एकाच व्हिडिओत टिपायचं, चोवीस तासांनी पुन्हा टिपायचं. सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात एका चित्राची चूक म्हणजे ३३ मिलिसेकंद. दिवसाच्या मानाने ती ०.४ पीपीएमसुद्धा नाही. १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल दिवसाला १.७३ सेकंद पुढे जातोय असं दिसलं तर तो २० पीपीएमने जलद आहे. मग १,६०,००,००० ऐवजी १,६०,००,३२० वजा करायचे.

मात्र ही दुरुस्ती ज्या तापमानाला मोजली त्याच तापमानापुरती. बाहेर उन्हात बसणाऱ्या यंत्राला डीएस३२३१ ही वेळ ठेवणारी चिप घ्यावी. तिच्या पोटात क्रिस्टल आणि तापमापक दोन्ही असतात. दर ६४ सेकंदांनी ती तापमान बघून स्वतःचा कपॅसिटर बदलते आणि ० ते ४० अंशांत २ पीपीएमच्या आत राहते, म्हणजे वर्षाला एक मिनिट. त्याहून पुढे जायचं असेल तर जीपीएस मॉड्यूलच्या पीपीएस पायावर दर सेकंदाला एक पल्स मिळते. ती उनोच्या ८ नंबरच्या पायाला द्यावी. तिथे टायमर-१ चं इनपुट कॅप्चर आहे. पल्स आल्याक्षणी हार्डवेअरच टायमरचा आकडा टिपून ठेवतं, प्रोग्राम तो सावकाश वाचतो. लागोपाठच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली आणि मधले ओव्हरफ्लो धरले की आपला रेझोनेटर किंवा क्रिस्टल या सेकंदाला नेमके किती ठोके देतोय ते एका ठोक्याच्या फरकाने कळतं. तोच आकडा बेरजेच्या हिशेबात टाकत राहिलं की उनोवरचा साधा रेझोनेटरही, जीपीएसचा संपर्क आहे तोवर, वेळ धरून चालतो.